न निघालेल्या धुराचा पंचनामा

त्या गुन्ह्याची फाईल केव्हाच रेकॉर्ड रूमला गेली. माझ्या डोक्यातून मात्र ती अजून हललेली नाही, आणि आता या वयात हलेल असं वाटतही नाही.

मी तेव्हा मेहकरकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. उन्हाळा असा, की स्टेशन डायरी लिहिताना शाई कागदावर पोचायच्या आत वाळायची आणि रायटरला एकच ओळ तीनदा लिहावी लागायची. नोकरीची एकतीस वर्षं झाली होती. मी देऊळगाव राजाच्या स्टँडवर शिंकलो, तर जालन्याच्या गाडीत बसलेला पाकीटमार दुसऱ्याच्या खिशातला हात काढून मुकाट्याने आपल्या खिशात घालायचा, एवढं माझं नाव होतं. हातभट्टी, गांजा, सागवान, रेती, चोरीचे बैल, सगळं पकडून झालं होतं. एकदा तर विहिरीवरची मोटर पाइपांसकट पकडून आणली होती, आणि चोर म्हणत होता की साहेब, विहीरही नेणार होतो, पण टेम्पो लहान पडला.

असल्या माणसाच्या ठाण्यात एक दिवस सकाळी दहाच्या सुमाराला एक बाई आली आणि ठाणे अंमलदाराला म्हणाली, "साहेब, माही चूल चोरीले गेली."

सगळं ठाणं हसलं. मीही आत बसून हसलो.

"काकू, चूल कशी चोरीले जाईन?" अंमलदार म्हणाला. "उकरून नेली का कोणी?"

"मातीची नाई भाऊ. लोखंडाची. कंपनीची. अन् हसून काऊन राह्यले तुमी? तुमच्या घरची गेली असती तं आतापावतो दोन जन कोठडीत असते."

हे ऐकून मी तिला आत बोलावलं. जी बाई ठाण्यात उभी राहून अंमलदाराला असं सुनावते, ती खोटी तक्रार घेऊन आलेली नसते. खोट्या तक्रारीचा माणूस फार गोड बोलतो.

पन्नाशीची बाई. गावातल्या महिला बचत गटाची अध्यक्ष. नाव सांगायचं नाही, म्हणून इथे तिला अध्यक्षबाईच म्हणतो. तिने सांगितलेली हकीकत अशी. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीची माणसं गावात आली. त्यांनी घरोघर एकेक धूरमुक्त चूल दिली, फुकट. या चुलीला लाकूड कमी लागतं, धूर कमी होतो. गावात जेवढा धूर वाचेल तेवढा परदेशातली एक कंपनी विकत घेईल आणि त्यातला वाटा गटाला मिळेल, असं सांगितलं. त्या वाट्यातून गावात चूल दुरुस्त करणारा मिस्त्री नेमायचा आणि प्रत्येक स्वयंपाकघराला पत्र्याचं धुरांडं बसवायचं, असं गटाच्या बैठकीत ठरलं.

"मग वाटा आला?" मी विचारलं.

"वाटा? साहेब, मिस्त्रीबी नाई आला."

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळा गुन्हा त्या रीतीवर उभा आहे. आमच्या भागात चकचकीत वस्तू घरात आली की ती वापरायची नसते. ती कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवायची आणि घरातल्या पोरीच्या लग्नात रुखवतात मांडायची. त्याआधी बाजारच्या दिवशी भांडेवाल्याकडे नेऊन तिच्यावर नाव टाकून घ्यायचं. तांब्या असो, परात असो, नाव हवंच. मी एका लग्नात प्रेशर कुकरच्या शिटीवर नाव टाकलेलं पाहिलं आहे. तेव्हा गावातल्या बहुतेक चुली माळ्यावर गेल्या आणि पोरींच्या लग्नाची वाट पाहत बसल्या. अध्यक्षबाई एकटी ती चूल रोज पेटवत होती. आठ महिन्यांत आतला भाग तडकला. तिने कंपनीच्या स्थानिक माणसाला फोनवर फोन केले, तेव्हा त्याने दुरुस्ती न करता एक नवीकोरी चूल आणून दिली. तोवर तिच्या भाचीचं लग्न ठरलं होतं.

"तिच्या मायले चुलीच्या धुरानं नेलं साहेब," ती म्हणाली. "माही लहान बहीन. खोकलून खोकलून गेली. म्हटलं, आपलं काय, आपून मातीच्या चुलीवर भाकरी थापू. पोरीले तं धूर नको."

म्हणून नवी चूल तिने बाजारात नेली आणि तिच्यावर भाचीचं नाव आणि पुढे 'हिस मावशीकडून सप्रेम भेट' असं टाकून आणलं. आणि दोन महिन्यांपूर्वी तोच कंपनीचा माणूस टेम्पो घेऊन आला. चुलींचे फोटो काढायचे आहेत, दोन दिवसांत परत आणतो, असं म्हणून माळ्यावरच्या चाळीस कोऱ्या चुली घेऊन गेला. हिचीही गेली. आता लग्न आठ दिवसांवर आलं होतं.

रायटरने जबाब लिहिला आणि सवयीने अंगठ्याचं पॅड पुढे सरकवलं. बाईने ते दोन बोटांनी परत ढकललं. "पेन द्या." मग तिने पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, आणि खाली एक रेघ ओढली. चाळिशीत सही शिकली होती. एवढी देखणी सही आमच्या ठाण्यात कोणाची नव्हती, माझी तर नव्हतीच.

चुलीचा तपास म्हणून आमच्या लोकांनी तो हसण्यावारी नेला, पण बीट हवालदाराने तिसऱ्या दिवशी बातमी आणली. हद्दीतल्याच दुसऱ्या एका गावात तो टेम्पो उभा आहे, घरोघर चुली उतरवणं चालू आहे, आणि दुपारी मोठे पाहुणे येणार आहेत. मी साध्या कपड्यात, खासगी जीपने गेलो. अध्यक्षबाईला ओळख पटवायला सोबत घेतलं.

गावात पोचलो तर लग्नघर वाटावं असा थाट. प्रत्येक दारापुढे सडा, बायका ठेवणीतल्या साड्यांमध्ये. पहिल्याच घरात शिरलो. स्वयंपाकघरात कोरी चूल मांडलेली, तिच्यापुढे घरची बाई बसलेली आणि परराज्यातून आलेले दोन पडताळणीवाले फोटो काढत होते. त्यांचं काम असं की चूल खरंच वापरात आहे का ते पाहायचं आणि तसा दाखला द्यायचा. त्यांच्या दाखल्यावर पुढचा सगळा व्यवहार.

"चूल कधीपासून वापरता?" त्यांनी मोडक्या मराठीत विचारलं.

"दोन वरसापासून. धूर नाई, खोकला नाई," बाईने पाठ केलेलं म्हटलं, आणि लगेच खोकली.

कारण तिच्या पाठीमागे गोधडी टाकून झाकलेली मातीची चूल होती, तिच्यावर वरण शिजत होतं आणि गोधडीतून असा धूर निघत होता की मला वाटलं आता घराला आग लागते. पडताळणीवाले डोळे चोळत फोटो काढत होते. डोळे चोळले, पण गोधडी काही उचलली नाही. नंतर कळलं की ते आले होते कंपनीच्या गाडीतून, उतरले होते कंपनीने ठरवलेल्या हॉटेलात, आणि त्यांची फीसुद्धा कंपनीच देत होती.

मी वाकून कोरी चूल फिरवली. 'हिस मावशीकडून सप्रेम भेट.'

"हे नाव तुमच्या भाचीचं का बाई?"

"हाव," ती म्हणाली. मग माझ्या मागे उभ्या असलेल्या अध्यक्षबाईकडे पाहून म्हणाली, "नाई. मले काय मालूम साहेब? सकाळीच आनून ठेवली."

अध्यक्षबाईने चूल उचलून छातीशी धरली. मी तिच्या हातातून ती काढून घेतली आणि पंचांसमक्ष जप्त केली. मुद्देमाल क्रमांक एक. लेबल लावलं, लाख लावली, सही-शिक्का केला. इतका देखणा पंचनामा मी आयुष्यात केला नव्हता. त्या पंचनाम्यासाठी मी स्वतःला आजही शिव्या देतो, ते का, हे पुढे येईल.

कंपनीचा माणूस तिशीचा, विज्ञान शिकलेला, शेजारच्याच तालुक्यातला. त्याला मी चहा दिला. माझ्याविषयी बाहेर अफवा होत्या की मी आरोपीकडे नुसतं पाहिलं तरी त्याला आजोबांचे गुन्हेही आठवतात. खरं सांगायचं तर बहुतेक कबुल्या मी चहावर मिळवल्या. भीतीने माणूस तुम्हाला हवं ते सांगतो. चहाने झालं ते सांगतो.

"बरं, तू विकतो काय, ते सांग."

"कार्बन क्रेडिट, सर."

"मराठीत सांग."

"समजा इथल्या घरांनी चुली बदलल्या, सर. मग जेवढा धूर निघाला असता, तेवढा निघाला नाही. त्या न निघालेल्या धुराचं प्रमाणपत्र होतं. बाहेरच्या देशातली एखादी कंपनी, जिला आपला धूर कमी करणं जमत नाही, ती हे प्रमाणपत्र विकत घेते आणि म्हणते, आमच्या वतीने तिकडे कमी झाला."

"म्हणजे माल काय?"

"न निघालेला धूर, सर."

"ठेवलाय कुठे?"

"ठेवायचा नसतो सर. तो निघालाच नाही, हाच माल."

रायटर लिहायचा थांबला. "साहेब," तो म्हणाला, "मुद्देमालाच्या रकान्यात काय लिहू?"

एकतीस वर्षांत असा प्रश्न पडला नव्हता. रेती चोरली तर नदीत खड्डा दिसतो. सागवान तोडलं तर बुंधा राहतो. इथे चोरीला गेलेली वस्तू म्हणजे जे झालं नाही ते, आणि ते झालं नाही हेही खोटं होतं. धूर चांगला दणदणीत निघत होता. गोधडीतून मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता.

मग त्याचा लॅपटॉप उघडला. गावागावांचे फोटो, घरागणिक एक, प्रत्येकावर गावाचं नाव. रायटरला माझ्यापेक्षा नजर होती. तो दोन तास फोटो पाहत बसला आणि शेवटी चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, "साहेब, या मावशीले बावीस गावांत भाच्या हायेत. अन् सगळ्या भाच्यांचं नावबी एकच."

बावीस गावं. त्याच चाळीस चुली, तोच टेम्पो. फोटो मागवणाऱ्याने, दाखला देणाऱ्याने, दाखला तपासणाऱ्याने, कोणीही चुलीवरची अक्षरं वाचली नव्हती. त्यांना वाटलं असेल की ते कंपनीचं नाव आहे. कंपनीचा माणूस सोडून मराठी वाचता येणारा आणखी एक जण त्या साखळीत असता, तर गुन्हा पहिल्याच गावात उघडा पडला असता.

तो माणूस टेबलावर डोकं टेकून रडला. आलेल्या चुली थोड्या होत्या, दाखवायच्या हजारो होत्या. वरून रोज फोन यायचा की फोटो पाठव, नाहीतर घरी बस. घरी बसून काय करणार होता? त्याने सगळं सांगितलं. मला वाटलं, गुन्हा फुटला. मी खुशीत ठाण्यात सगळ्यांना भजी सांगितली.

भजी येईपर्यंत रायटरने त्या माणसाच्या कपाटातून जप्त केलेल्या कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. महिन्याला एक याप्रमाणे छापील फॉर्म, इंग्रजीत. 'गावातल्या सर्व घरांमध्ये चूल रोज वापरात आहे, अशी मी खात्री केली आहे.' खाली प्रत्येक फॉर्मवर पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, आणि एक रेघ.

अध्यक्षबाईला बोलावलं.

"हे काय लिहिलंय माहीत आहे?"

"चुलीचं हाये म्हने."

"मग सही का केली?"

"तो म्हने, बाई, तुमी सही करा, मी मिस्त्री पाठवतो. दर महिन्याले म्हने. मंग मी दर महिन्याले केली." तिने त्या रेघेवर बोट ठेवलं. "साहेब, मी अंगठा नाई देत. सही करता येते मले."

त्या दिवशी मी तिला शब्द दिला. टेबलावर हात आपटून दिला. म्हणालो, "बाई, तुम्ही फिर्यादी आहात. तुमच्यामुळे गुन्हा उघड झाला. तुम्ही साक्षीदारच राहाल. तुमच्या केसाला धक्का लागू देणार नाही."

माझा शब्द म्हणजे जिल्ह्यात दगडावरची रेघ समजायचे. तिनेही तसंच समजलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती पुन्हा आली. "एक दिवसापुरती द्या साहेब. रुखवतात मांडतो, फोटो काढतो अन् सकाळी परत आनतो." मुद्देमाल कोर्टाच्या हुकुमाशिवाय देता येत नाही, आणि कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी होती. मी तिला हे समजावून सांगितलं. समजावून सांगण्यात मी पटाईत आहे. ती उठली, "बरं," म्हणाली आणि गेली. भाची लग्न होऊन गेली, सासरी मातीच्या चुलीपुढे बसली.

पुढचा तपास म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं होतं. कंपनीचं मोठ्या शहरातलं ऑफिस गाठलं, तर तीन टेबलं, एक पाण्याचा जार आणि एक वकील. मालक मंडळी बाहेरगावी, बाहेरराज्यात, बाहेरदेशात. लेखी उत्तर मिळालं की स्थानिक पातळीवर काही कर्मचाऱ्यांकडून व गावातील प्रतिनिधींकडून चुका झालेल्या दिसतात, कंपनीला याचा खेद आहे. ज्यांनी तो धूर विकत घेतला होता, त्या परदेशी कंपनीलाही रीतसर मार्गाने पत्र पाठवलं. मला वाटलं, हे तर फसवले गेलेले, हे धावत येतील. चार महिन्यांनी एकपानी, अत्यंत सभ्य उत्तर आलं. आम्ही प्रमाणपत्र विश्वासाने घेतलं, आमची काही तक्रार नाही.

मी ते पत्र दहादा वाचलं. ज्याचा खिसा कापला तोच म्हणतो की खिसा शाबूत आहे. पण विचार केला तेव्हा कळलं. प्रमाणपत्र खोटं म्हटलं, तर त्यांना आपला धूर मोजून दाखवावा लागणार होता. खरं म्हटलं, की हात धुतलेले. विकणारा खूश, घेणारा खूश, दाखला देणारा खूश. एवढ्या मोठ्या फसवणुकीत तक्रार करणारी एकच बाई होती, आणि तिची तक्रार चुलीपुरती होती.

तेव्हा नवे कायदे यायचे होते, चारशेवीस अजून चारशेवीसच होती. फसवणूक आणि खोटे दस्तऐवज. दोषारोपपत्राची वेळ आली तेव्हा कायदेशीर मत मागवलं गेलं. मत सरळ होतं. खोटा दस्तऐवज कोणी केला? ज्याची त्यावर सही आहे त्याने. बनावट पडताळणीसाठी चूल कोणी पुरवली? मुद्देमाल क्रमांक एक, जिच्यावर 'मावशीकडून' असं लिहिलं आहे आणि जी आपण फोटोसाठी खुशीने दिली, असं मावशीने स्वतःच्या जबाबात सांगितलं आहे. मी तो पंचनामा इतका पक्का केला होता की त्यातून तिला सोडवायला सुईएवढी फट ठेवली नव्हती. माफीचा साक्षीदार करू म्हटलं, तर त्यासाठी आधी आरोपी करावं लागतं, मग कोर्टाने माफी द्यावी लागते. मी धावपळ केली, टिपणं लिहिली, वरिष्ठांपुढे बसलो. आणि या सगळ्यात चार महिने गेले आणि मी निवृत्त झालो. शाल, श्रीफळ, भाषणं. कोणीतरी म्हणालं, साहेबांच्या काळात एकही निर्दोष अडकला नाही. मी नारळाकडे पाहत बसलो.

दोषारोपपत्र गेलं. आरोपी क्रमांक एक, कंपनीचा माणूस. क्रमांक दोन, अध्यक्षबाई. क्रमांक तीन, टेम्पोवाला. मालक मंडळींच्या नावापुढे 'पुढील तपास चालू'. तो अजून चालूच असावा.

मध्यंतरी बुलढाण्याला एका कॉलेजात कार्बन क्रेडिट या विषयावर कार्यशाळा होती. निवृत्त अधिकारी म्हणून मलाही खुर्ची होती. दिल्लीकडून आलेले एक तज्ज्ञ पडद्यावर चित्रं दाखवत होते. गरीब देशांनी धूर कमी करावा म्हणून श्रीमंत देशांचा पैसा तिथवर पोचला पाहिजे, त्यासाठी या बाजाराचे नियम सुधारत आहेत, आता मोजणी कडक होणार, वगैरे. गृहस्थ मनापासून बोलत होते. मी हात वर केला.

"साहेब, पडताळणी करणाऱ्याला फी कोण देतं?"

"प्रकल्प चालवणारी संस्था."

"अजूनही?"

"त्यावर विचार चालू आहे."

"आमच्यात पंच आरोपीच्या गाडीतून आला आणि त्याच्याच ताटात जेवला, तर कोर्ट पंचनामा आमच्या तोंडावर मारतं," मी म्हणालो. "अन् ज्या बाईने चूल पेटवायची, तिचं नाव त्या प्रमाणपत्रावर कुठं असतं?"

ते म्हणाले, प्रश्न फार मोलाचा आहे. टाळ्या पडल्या, माझा फोटो निघाला. नंतर चहा झाला.

शेवटचा भाग सांगायला जड जातो. दुसऱ्याच एका खटल्यात साक्ष होती म्हणून मी तालुक्याच्या कोर्टात गेलो होतो. व्हरांड्यात अध्यक्षबाई बसलेली दिसली. गटाने अध्यक्ष बदलली होती, आरोपीची सही बँकेत चालत नाही म्हणून. क्रमांक एक जामिनावर सुटला तो परराज्यात गेला, त्याचा पत्ता नव्हता. टेम्पोवाला दर तारखेला आजारी. ही एकटी प्रत्येक तारखेला दोन एसट्या बदलून यायची. त्या दिवशी आरोप निश्चित व्हायचे होते.

"वकील म्हनते, कबूल करून टाका. आजच्या आज सुटसान," ती मला म्हणाली.

"कबूल करू नका बाई! तुम्ही काही केलेलं नाही. मी साक्ष देईन. उभा राहून सांगेन कोर्टाला."

"काय सांगसान?"

"हेच, की तुम्हाला माहीत नव्हतं."

"अन् सही?"

मला ते फॉर्म आठवले, प्रत्येकाखालची ती रेघ.

"सही माहीच हाये ना साहेब? मंग खोटं काऊन बोलू?"

पुकारा झाला. न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवले, गुन्हा कबूल आहे का विचारलं, परिणाम समजावले, पुन्हा विचारलं. ती दोन्ही वेळा म्हणाली, "हाव साहेब, सही माही हाये." वय पाहून, पहिलाच गुन्हा पाहून, न्यायाधीशांनी त्यांच्या हातात होती तेवढी दया केली. थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा. दंड मी भरतो म्हणालो, तिने भरू दिला नाही.

एकतीस वर्षं मी कबुल्या मिळवण्यात नाव काढलं. या गुन्ह्यात कोर्टापुढे एकच कबुली झाली, आणि ती त्यातल्या एकमेव निर्दोष माणसाची.

संध्याकाळचे साडेपाच होईपर्यंत ती मागच्या बाकावर बसली. मी शेजारी बसलो. निवृत्त माणसाला कुठेही बसता येतं. पुढे कोणाच्या तरी बांधाचा वाद चालू होता.

मग तिने हळू आवाजात विचारलं, "साहेब, एक सांगा. आपल्या गावातला धूर तं कमी झालाच नाई."

"नाही."

"मंग ज्याईनं तो विकत घेतला, त्याईनं काय केलं?"

"त्यांनी आपला धूर काढला, बाई. आपल्याकडचा कमी झाला, असं समजून."

तिने बोटांवर हिशेब केल्यासारखं केलं. "म्हंजे आपलाबी निंगाला अन् त्याईचाबी."

"हो."

"अन् शिक्षा आपल्याले."

मी मान हलवली. त्या बाकावर बसून मी जेवढा शिकलो तेवढा कुठल्या प्रशिक्षण केंद्रात शिकलो नाही. मी समजत होतो, पुरावा गोळा केला की न्याय होतो. तसं नसतं. पुरावा ज्याच्या दारात सापडतो, तोच सापडतो. वरच्या मंडळींच्या दारात पुरावा ठेवायला जागाच नसते. तिथे फक्त प्रमाणपत्रं असतात, आणि ती सगळी नियमात असतात. त्या बाजाराचे नियम ज्यांना सुधारायचे असतील त्यांनी खुशाल सुधारावेत. मोजणाऱ्याची फी विकणाऱ्याकडून काढून घ्यावी, मोजायला अशा कोणाला तरी बसवावं ज्याला गोधडी उचलायची लाज वाटत नाही आणि चुलीवरची अक्षरं वाचता येतात, आणि पैसा आधी तिच्या हातात पडावा जिने चूल पेटवली. एवढं झालं तर कदाचित कुठे खरंच धूर कमी होईल. होईल असा माझा भरवसा उरलेला नाही. मागच्याच महिन्यात ऐकलं, शेजारच्या तालुक्यात नव्या नावाची एक कंपनी आली आहे. यावेळी बांधावरच्या झाडांचं काम आहे, आणि तीही बचत गटाच्या अध्यक्षांना शोधते आहे.

साडेपाचला न्यायाधीश उठले. शिपाई म्हणाला, "काकू, झाली शिक्षा. जा आता." ती उठली आणि पदर सारखा करून स्टँडकडे निघाली. गावाकडची शेवटची गाडी निघून जाऊ नये म्हणून ती भराभर चालत होती. मी स्टँडपर्यंत मागून चालत गेलो.